मापाडी बेपत्ता

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लक्षात आलं, की बेचाळीस चित्रांपैकी चाळीस चित्रांतून एक माणूस नाहीसा झाला आहे.

माणूस हाडामांसाचा नव्हता. पडद्यावर तो जेमतेम करंगळीच्या नखाएवढा दिसायचा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बंदराच्या शहरावर गेम तयार होत होता. ते शहर संगणकात उभं करण्याआधी तिथली दारं, जिने, विहिरी, गोदामं कशी दिसतील, याची चित्रं काढायचं काम तिसऱ्या मजल्यावरच्या एका लहान स्टुडिओत चौदा महिने चाललं होतं. नुसतं दार काढलं तर ते हत्तीसाठी आहे की मांजरासाठी, हे कळत नाही. शेजारी एक माणूस उभा केला की डोळ्याला माप सापडतं. म्हणून प्रत्येक चित्रात हा एकच माणूस उभा असायचा. एक हात मानेमागे, भार उजव्या पायावर, डावा खांदा बोटभर खाली. स्टुडिओत सगळे त्याला मापाडी म्हणत.

शुक्रवारी संध्याकाळी मापाडी बेचाळीस ठिकाणी होता. सोमवारी तो दोनच ठिकाणी उरला होता: होड्यांच्या कारखान्यात आणि मिठाच्या कोठारात.

हे पहिल्यांदा पाहिलं ते स्टुडिओच्या मालकिणीनं. पाठीमागे तिला सगळे मुकादम म्हणत आणि हे तिला ठाऊक होतं. तिनं सगळ्यांना आपल्या टेबलाशी बोलावलं. सगळे म्हणजे चौघं. दोन चित्रकार, त्यांच्या चित्रांवरून संगणकात घरं बांधणारा एक जण, आणि खापरबाई.

खापरबाई एकसष्ट वर्षांच्या. चौतीस वर्षं उत्खननांवर बसून त्यांनी फुटक्या मडक्यांचे तुकडे कागदावर उतरवले होते. निवृत्तीनंतर स्टुडिओनं त्यांना नेमलं, ते जुन्या काळी वीट केवढी असायची आणि घागरीचं तोंड केवढं, हे सांगायला. पहिल्याच दिवशी त्यांनी एका घागरीवरून दीड तास भांडण केलं आणि हे नाव कमावलं. दोन चित्रकारांपैकी धाकटी ही त्यांची सून. सासू-सुना एकाच बसनं कामाला यायच्या.

मुकादमनं विचारलं, हे कुणाचं काम? सूनबाईनं पडद्यावर जिथे मापाडी असायचा त्या जागेवर बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

खापरबाईंनी ते बघितलं. मापाडी कोण, हे त्यांच्या माहितीप्रमाणे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यावर दोघी एकमेकींशी अवाक्षरही बोलल्या नव्हत्या.

मापाडी म्हणजे खापरबाईंचा मुलगा. त्याला जाऊन दोन वर्षं आठ महिने झाले होते.

२

लग्न नवं होतं तेव्हा सूनबाई घरी चित्र काढत बसली की तो दारात जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, घे, माझं माप घे, फुकट आहे. तो आजारी पडला आणि सात आठवड्यांत गेला. स्टुडिओतल्या पहिल्याच चित्रात तिनं विहिरीशेजारी एक माणूस उभा केला, आणि खापरबाईंनी तो मानेमागचा हात ओळखला. त्या दिवशी त्या जरा लवकर घरी गेल्या, एवढंच.

गोष्ट इथवर होती तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं शुक्रवारी. गेमसाठी पैसे लावणाऱ्यांना बुधवारी चित्रं जायची होती. शुक्रवारच्या बैठकीत मुकादमनं आनंदानं सांगितलं, की आधी पाठवलेले कच्चे नमुने बघून त्यांना तो प्रत्येक चित्रातला माणूस फार आवडलाय, म्हणून त्यालाच शहराच्या दरवाज्यावरचा पहारेकरी करायचं. खेळणाऱ्यानं शहरात शिरायचं तर पहिला वार त्याच्यावर. तो पडला की दरवाजा उघडतो. पडतानाच्या आठ अवस्था सूनबाईनं सोमवारपासून काढायच्या होत्या.

सूनबाईनं वहीत लिहून घेतलं, "आठ अवस्था." खाली रेघ मारली. खापरबाई खिडकीबाहेर बघत बसल्या. जो गेम लाखो लोक खेळणार, त्यात पोर लाखो वेळा मरणार. हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत? अशी तक्रार कामाच्या कुठल्याच नियमात बसणारी नव्हती.

सोमवारी बाकीचे जागेवर गेल्यावर मुकादमनं खापरबाईंना थांबवून घेतलं. मापाडीचं वेगळं चित्र कुठेच नव्हतं. सूनबाई काम संपलं की सगळे लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर, एकत्र करून टाकायची, तिची ती खोडच होती, त्यामुळे तो चित्रात मिसळूनच गेलेला असायचा. राखीव प्रती रविवारी रात्री आपोआप नव्यानं घेतल्या जात, म्हणजे आता त्यांतूनही तो गेला होता. आणि चाळीसच्या चाळीस चित्रं शनिवार-रविवारी सूनबाईच्या टेबलावरच्या संगणकावरून, जिथे मूळ चित्रं ठेवलेली असत, बदलली गेली होती.

"पासवर्ड तर सगळ्यांना माहीत आहे," खापरबाई म्हणाल्या.

"पण पडद्यावर चित्र काढायचं ते पेन कुणाला धरता येतं, बाई? गुरुजींना आणि तिला. गुरुजी गुरुवारपासून रजेवर होते. मी तिला एकटीला विचारलं. म्हणते, मी नाही केलं. मग शनिवार-रविवार कुठे होतीस, तर गप्प. मला उद्या संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर मी तिला कामावर ठेवू शकत नाही."

तोवर मी शोधून काढते, असं खापरबाईंनी सांगितलं. सून शनिवार-रविवार दिवसभर माहेरी होती, हे त्यांना ठाऊक होतं. तिनंच सांगितलं होतं. मग तेवढंच मुकादमला सांगायला तिला काय झालं होतं?

३

खापरबाईंची पद्धत साधी होती. फुटकं भांडं कागदावर पूर्ण करताना जेवढं नक्की ठाऊक आहे तेवढंच सलग रेघेनं काढायचं, बाकीचं ठिपक्यांनी. म्हणून पुरं केलेलं भांडं बघितलं की भांड्याबद्दल थोडं कळतं आणि ते पुरं करणाऱ्याबद्दल पुष्कळ कळतं.

माणूस काढून टाकला की तिथे भोक पडतं. इथे भोक नव्हतं. माणसामागे जी भिंत असायला हवी ती भिंत होती, जिथे पायऱ्या हव्यात तिथे पायऱ्या होत्या. विटांचे सांधे एकाआड एक. रागानं पुसणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. ज्यानं मापाडीला नेलं होतं त्यानं प्रत्येक जागा झाडून, सारवून ठेवल्यासारखी सोडली होती. खापरबाईंना क्षणभर त्याच्याबद्दल बरं वाटलं.

त्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजी म्हणजे थोरले चित्रकार, सत्तावन्न वर्षांचे, आयुष्यभर सिनेमाचे पडदे रंगवून मग संगणकाकडे वळलेले. काळा चष्मा लावून बसले होते. म्हणाले, डोळे आलेत, जवळ येऊ नका, तुम्हालाही देईन. चार दिवस घरात पडून होतो, मला काय माहीत. मग चष्म्यावरून खिडकीच्या कापडी पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, हा पडदा एवढा निळा कधीपासून आहे हो?"

"पहिल्यापासून."

"बघा की. कुणी सांगितलंच नाही."

सुताराकडे त्या शेवटी गेल्या. चित्रांवरून संगणकात घरं बांधतो म्हणून तो सुतार. पस्तिशीचा, दाराच्या चौकटीत मावेल न मावेल असा गडी, पण बोलणं मोजकं. शनिवारी आला होतास का, असं विचारल्यावर हो म्हणाला, बंदराच्या धक्क्याचं काम राहिलं होतं. कुणी दिसलं का? नाही, कुणी आलं नाही. एवढं बोलून तो पुन्हा पडद्याकडे वळला. खापरबाईंना त्याचं कौतुक होतं. मागच्या महिन्यात सूनबाईनं घरासाठी घेतलेलं चित्रं काढायचं टेबल त्यानं एकट्यानं त्यांच्या घरी आणून दिलं होतं. आत आल्यावर टेबल हातात धरून तो पॅसेजमध्ये फोटोंसमोर बराच वेळ उभा राहिला होता. दम लागला असेल म्हणून त्यांनी पाणी दिलं होतं.

संध्याकाळी सहाला घरचा फोन वाजला. सूनबाईची आई होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या विहीणबाई म्हणाल्या, पोरीला जरा पाठवा हो, दोन महिने झाले, तिचं तोंडही बघितलं नाही.

४

सून खोटं बोलली होती.

खापरबाईंनी फोन ठेवला आणि ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. सून कांदा चिरत होती. चिरून झालेला कांदा ती उगाच आणखी बारीक करत होती. खापरबाईंना विचारायचं होतं ते वेगळंच होतं, म्हणून त्यांनी विचारलं, तुझी आई बरी आहे ना. सून म्हणाली, हो, बरी आहे. खापरबाई म्हणाल्या, बरं. घरात दोनच माणसं असली की खोटंही जपून वापरावं लागतं. उघडं पाडलं तर पुढे जेवायचं कुणाबरोबर?

रात्री जेवताना सून म्हणाली, "आई, मला काढून टाकलं तर मी दुसरीकडे बघेन. दुसऱ्या शहरात वगैरे. तुम्ही काळजी करू नका."

"कोण करतंय काळजी," खापरबाई म्हणाल्या आणि त्यांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

आता बाकीचं सगळं बाजूला पडलं. चित्रं कुणी बदलली, हा प्रश्न मुकादमचा होता. खापरबाईंचा प्रश्न असा होता, की बुधवारी सकाळी बसमध्ये शेजारच्या जागेवर कुणी बसलेलं असेल की नाही.

अंथरुणावर पडल्यावर त्यांना गुरुजींचा निळा पडदा आठवला. डोळे आलेला माणूस सारखा डोळे चोळतो. गुरुजींनी दिवसभरात डोळ्याजवळ बोटसुद्धा नेलं नव्हतं. आणि जुनी गोष्ट अचानक निळीशार दिसायला लागते ती कधी, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. मागच्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी आल्यावर त्यांनी सुनेला विचारलं होतं, ही निळी बादली नवी आणलीस का?

मंगळवारी सकाळी साडेसातला त्या गुरुजींच्या दारात उभ्या होत्या.

गुरुजींनी आढेवेढे घेतले नाहीत. गुरुवारी ऑपरेशन झालं. मुकादमला कळलं असतं तर त्यांच्या वाटणीचा तटबंदीचा भाग दुसऱ्या कुणाला गेला असता, आणि सत्तावन्नाव्या वर्षी एकदा गेलेलं काम परत येत नाही. बायको गावाला अडकली होती. दर दोन तासांनी औषधाचे थेंब घालायचे होते. सूनबाई शनिवारी सकाळी आठला आली ती रात्री आठला गेली, रविवारीही तसंच. थेंब घालायची आणि मधल्या वेळात गुरुजींच्या घरच्या संगणकावर ते सांगतील तशी तटबंदी रंगवायची.

"कुणाला सांगू नकोस म्हणून मी तिच्याकडून वचन घेतलं," गुरुजी म्हणाले. "पोरीनं नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली, पण मला विचारायलाही आली नाही. मी आजच सांगतो मॅडमना. जे व्हायचं ते होईल."

खापरबाईंना हायसं वाटलं, ते जिना उतरेपर्यंत टिकलं. शेवटच्या पायरीवर त्या थबकल्या. स्टुडिओत दोनच चित्रकार. एकाच्या डोळ्याला पट्टी, दुसरी त्याच्या उशाशी.

म्हणजे ती चाळीस चित्रं चित्रकारानं बदललीच नव्हती.

५

सूनबाई त्या दिवशी दुपारनंतर येणार होती, म्हणून दहा वाजता त्या तिच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि सगळी चित्रं पुन्हा पहिल्यापासून पाहिली. या वेळी जे आहे ते सोडून, जे असायला नको ते शोधलं.

सतराव्या चित्रात, कुंभाराच्या घराशेजारी, मापाडी ज्या भिंतीला लागून उभा असायचा तिथे कमरेच्या उंचीवर एक कोनाडा होता. दिवा ठेवायचा, वीतभर. सूनबाईनं तो कधी काढला नव्हता. काढणार कशी? त्या घराला कोनाडा हवा, हे खापरबाईंना शुक्रवारी संध्याकाळी जिना उतरताना सुचलं होतं. सूनबाई पुढे निघून गेली होती, गुरुजी रजेवर होते. त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, ठीक आहे बाई, शनिवारी बसवतो.

मग त्यांनी दोन उरलेली चित्रं समोर ठेवली. होड्यांचा कारखाना. मिठाचं कोठार. या दोन्हींत सारखं काय? रंग वेगळे, वेळ वेगळी, एक उजेडात, एक सावलीत. कालपासून त्या यावर डोकं आपटत होत्या. आता त्यांनी भिंतीवरचा कामाचा तक्ता पाहिला. बेचाळीस जागांपुढे "बांधून झालं" अशी खूण होती, दोन सोडून.

चित्रकार माणसामागची भिंत मनानं काढतो. ज्याला चित्र काढता येत नाही तो काय करेल? त्यानं ती भिंत आधीच बांधलेली असेल तर त्याच कोनातून तिचा तेवढा तुकडा उचलून आणेल आणि भोकावर बसवेल. म्हणून सांधे एवढे नेमके होते. आणि जी जागा अजून बांधलेलीच नाही, तिथून तो माणसाला हलवू शकणार नाही.

सुतार खालच्या जिन्यावर डबा खात बसला होता. खापरबाई त्याच्या वरच्या पायरीवर बसल्या.

"कोनाडा छान झालाय," त्या म्हणाल्या.

त्यानं डब्याचं झाकण लावलं.

"एक हात मानेमागे," तो म्हणाला. "डावा खांदा खाली. मी माणसांची मापं घेऊन शरीरं बांधतो, बाई. तुमच्या पॅसेजमधला तो फोटो बघितला आणि मला कळलं. शुक्रवारी मॅडमनी सांगितलं तेव्हा मी तुमच्या दोघींकडे बघत होतो. त्या आठ अवस्था तुमच्या सूनबाई काढणार, आणि मग मी त्याला बांधणार, वार कुठे बसतो, गुडघे कसे मोडतात. माझ्यानं झालं नसतं. त्यांच्यानं झालं असतं, आणि ते जास्त वाईट होतं."

"मग बोलायचं."

"तुम्ही दोघी बोलत नाही, तर मी कोण बोलणारा? म्हटलं, तो सापडलाच नाही तर ते दुसरा कुणीतरी शोधतील."

खापरबाईंनी त्याला सांगितलं, की हे सगळं सूनबाईच्या अंगावर आलंय आणि आज संध्याकाळी तिची नोकरी जाणार आहे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो उठला तेव्हा डबा तीन पायऱ्या गडगडत खाली गेला. त्यानं तो उचललाही नाही.

६

मुकादमच्या टेबलाशी पुन्हा तेच चौघं जमले. गुरुजींनी आपलं सांगून टाकलं. सुतारानं आपलं सांगितलं, पण अर्धंच. चित्रं मी बदलली, मला तो पहारेकरी पटला नाही, जी शिक्षा असेल ती द्या. का पटला नाही, हे विचारल्यावर म्हणाला, असंच.

मुकादम चिडली नाही, हे जास्त अवघड होतं. तिनं हिशोबीपणानं सांगितलं, की ठीक आहे, यावर नंतर बोलू. दोन चित्रांत तो उरलाय ना? तिथून उचलू. आठ अवस्था आज सुरू करा, उद्या जायच्या आहेत. आणि तिनं सूनबाईपुढे कारखान्याचं चित्र सरकवलं.

सूनबाईनं पेन हातात घेतलं.

खापरबाईंनी चौतीस वर्षांत मृतांच्या शेकडो वस्तू मोजल्या होत्या. त्या कुणाच्या होत्या, हे कधी सांगावं लागलं नव्हतं. आता सांगितलं.

"मॅडम, तो माझा मुलगा आहे."

सूनबाईनं पेन खाली ठेवलं. मुकादमनं पडद्यावरच्या नखाएवढ्या माणसाकडे पाहिलं, मग खापरबाईंकडे, मग सुनेकडे. चौदा महिने ती त्याला रोज बघत होती.

"आई," सूनबाई म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"विहिरीच्या चित्रापासून."

"कधी बोलला नाहीत."

"तू नाही बोललीस."

"मला वाटलं तुम्हाला त्रास होईल. आणि सोमवारी वाटलं, तुम्हीच पुसलंत त्याला. त्यांनी ते मारायचं वगैरे ठरवलं म्हणून. म्हटलं, बरोबर केलंत. म्हणून मी काही बोलले नाही."

"मला ते तुझं पेन धरता तरी येतं का ग? मला वाटलं, तूच पुसलंस." खापरबाईंना हसू आलं, आणि हसताना डोळे भरले ते भरूच दिले. दोन वर्षं आठ महिने दोघी एकाच छपराखाली एकमेकींना सांभाळत होत्या, तेही एकमेकींना कळू न देता.

मुकादम उठून खिडकीशी गेली. तिथूनच म्हणाली, की तो दरवाज्यावर उभा राहणार नाही. पुढे काय ते बोलताना तिचा आवाज पुन्हा कामाचा झाला. पण पहारेकरी लागणारच. त्याशिवाय पहिला भाग सुरूच होत नाही. उद्या नाही तर शुक्रवारपर्यंत कुणीतरी हवा.

"माझं माप घ्या," सुतार म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मला पाडा. बांधीनही मीच. मला काही वाटणार नाही."

गुरुजींनी काळा चष्मा वर करून त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "याला पाडायचं म्हणजे खेळणाऱ्याला जेवणाची सुट्टी द्यावी लागेल," ते म्हणाले. सूनबाई हसली. तिला स्टुडिओत हसताना सुतारानं यापूर्वी ऐकलं नसावं. त्याला हात कुठे ठेवावे ते कळेना.

७

त्यानंतर जे घडलं ते असं.

सुताराचे चार दिवसांचे पैसे कापले गेले. नोकरी राहिली. गुरुजींची तटबंदी त्यांच्याकडेच राहिली, पण मुकादमनं त्यांना दुपारी दोन तास डोळे मिटून पडायची सक्ती केली. पडल्यावर ते घोरतात, ही नवी अडचण आहे.

बुधवारी चित्रं गेली, पहारेकऱ्याशिवाय. गुरुवारी उत्तर आलं. शहर आवडलं. मात्र आधीचा तो माणूस बहुतेक चित्रांतून का काढला, त्याला परत आणता येईल का, अशी विचारणा होती. मुकादमनं तीन शब्दांत उत्तर पाठवलं: तो उपलब्ध नाही. त्यावर समोरून शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचपर्यंत काही आलेलं नाही.

चाळीस चित्रांत मापाडी परत उभा करायचा की नाही, हे ठरलेलं नाही. सूनबाईनं बसमध्ये सासूला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. खापरबाई म्हणाल्या, दोन ठिकाणी आहे, तेवढा पुरे का ते बघू काही दिवस. घर येईपर्यंत दोघी त्याच्याबद्दलच बोलत होत्या, आणि एक थांबा पुढे जाऊन उतरल्या.

नव्या पहारेकऱ्याचं चित्र शुक्रवारी पूर्ण व्हायचं होतं. सूनबाईनं सुताराला खिडकीपाशी तीनदा उभं केलं, तीनदा काढलेलं पुसलं. उंची जमली, खांदे जमले, भाल्यावरची मूठ जमली. चेहरा जमत नाही, असं ती म्हणते. तिला चेहरे न जमण्याची ही पहिलीच वेळ आहे, अशी गुरुजींची माहिती.

सोमवारी सकाळी नऊला त्याला पुन्हा उभं राहायला सांगितलं आहे.